डोक्याला मार लागला, पाचव्या दिवशी तोंड वाकडं झालं

शाहूपुरीची सून:
आमचे हे गेल्या सोमवारी कावळा नाक्याजवळ गाडीवरनं पडले. हेल्मेट नव्हतं. डाव्या कानातनं रक्त आलं, सीटी स्कॅनमध्ये कानाच्या हाडाला तडा निघाला. चार दिवस बोलणं-हसणं नीट होतं. शुक्रवारी सकाळी चहाचा घोट डाव्या कोपऱ्यातनं ओघळला. पुसला, परत ओघळला. रात्री डावा डोळा मिटत नाही, बुबुळ वर जातं आणि नुसतं पांढरं दिसतं. मी तेच बघत जागी असते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात वारं गेलंय, कानात कोमट तेल सोडू. सोडू का? तोंड सरळ होईल ना?

कानाचा डॉक्टर:
ताई, तेल अजिबात नको. रक्त आलं म्हणजे पडदा फाटलेला असू शकतो, तेलानं जंतू आत जातील. चेहऱ्याची नस त्याच हाडातल्या अरुंद नळीतून जाते. चार दिवस चेहरा हलत होता म्हणजे नस तुटलेली नाही, सुजून दबली असणार. असे बहुतेक पेशंट बरे होतात. पडल्या पडल्या चेहरा गेला असता तर काळजी जास्त होती. तरी नसेची विजेची तपासणी आणि कानाची ऐकण्याची चाचणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. नसेची तपासणी चेहरा गेल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आतच उपयोगाची. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही गळलं, ताप आला, मान आखडली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

कागलकर:
माझं तोंड पडल्या क्षणीच गेलं होतं, ऑपरेशन झालं. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे ओठ हलायला कित्येक महिने गेले. पण वहिनी, खरा त्रास डोळ्यानं दिला. मी हयगय केली, बुबुळावर जखम झाली, अजून तिथं धूसर दिसतं. दिवसा थेंब, रात्री मलम घाला, पापणी बोटानं पूर्ण मिटवून मगच चिकटपट्टी लावा. गाडीवर, वाऱ्यात चष्मा हवाच.

शाहूपुरीची सून:
दोघांचे फार फार आभार. तपासणी बुधवारी आहे. हे उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांनी तेलाची वाटी उचलून आत ठेवली. काल रात्री पट्टी त्यांनीच लावली, मला म्हणाल्या, तू झोप.