पाइन नाही म्हणून फिंच नाही?

‘गोव्यात पाइनची जंगलं नाहीत, तेव्हा खरे फिंच इथे दिसायचेच नाहीत, शेतातल्या मुनियांवरच समाधान मानायचं’ असं एकाने म्हटलंय. फिंच म्हणजे बिया खाणारे, जाड चोचीचे छोटे पक्षी. त्यातल्या क्रॉसबिलपुरतं ते पटतं. हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांचे शंकू सोडून तो इथे कशाला येईल? त्याच्या चोचीची टोकं एकमेकांवरून तिरकी जातात ती शंकूचे खवले उचकटायला. बी मग जिभेने ओढून काढतो. गंमत म्हणजे पिल्लाची चोच सरळच असते, टोकं नंतर वाढता वाढता एकमेकांना ओलांडतात. आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या बोंडांवर आशा ठेवू नका, सुरू हा पाइन नव्हेच.

पण सगळेच फिंच शंकूंवर जगत नाहीत. कॉमन रोझफिंच हिवाळ्यात उत्तरेकडून सह्याद्रीत उतरतो. हा मुनियांच्या नव्हे, खऱ्या फिंचांच्या कुळातला. गोव्याच्या घाटाकडे, मोले, चोर्ला बाजूला कारवी किंवा बांबू बियांवर आला असेल तिथे बघा. नराचं डोकं-छाती लालसर, ओळखायला सोपा. मादी मात्र मातकट, छातीवर रेघा, पंखावर दोन फिकट पट्टे. चिमणी समजून लोक दुर्बीण खाली ठेवतात. चोच बघा: जाड, आखूड. बी जिभेने चोचीच्या कडेला सरकवून दाबते, टरफल बाजूने खाली पडतं.