प्रतिसाद: रशियाची भीती क्रांतीच्याही आधीची

मूळ लेखात म्हटलंय की ब्रिटिशांचं रशियाशी वाकडं आलं ते १९१७ च्या क्रांतीमुळे. थोडी भर घालतो, कारण हे दुखणं बरंच जुनं आहे.

गंमत म्हणजे सुरुवातीला ब्रिटिश लोकांना रशियाचं वावडं नव्हतंच. १७९१ मध्ये रशियाने तुर्कांकडून घेतलेल्या, काळ्या समुद्राकाठच्या ओचाकोव्ह किल्ल्याच्या वादात ब्रिटिश पंतप्रधान धाकट्या पिटने रशियाला दम द्यायचं ठरवलं, पण लोकमत विरोधात गेलं आणि त्याला गपचूप माघार घ्यावी लागली. १८१४ मध्ये झार (रशियाचा सम्राट) अलेक्झांडर लंडनला आला तेव्हा नेपोलियनला हरवणारा म्हणून त्याला बघायला झुंबड उडाली होती.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते दोन गोष्टी: १८३०-३१ चा पोलंडचा उठाव झारने चिरडला, आणि हिंदुस्थानची काळजी. रशिया खैबरखिंडीतून उतरेल या धास्तीपोटी १८३९ मध्ये इंग्रज काबूलवर चालून गेले. पुढे माघार घेताना त्या फौजेची कशी वाताहत झाली ते सर्वांना माहीत आहेच.

१९०४ मध्ये तर, जपानशी युद्ध चालू असताना, रशियन आरमाराने उत्तर समुद्रात इंग्लंडच्या हल बंदराच्या मासेमारी बोटींना जपानी टॉर्पेडो बोटी समजून तोफा डागल्या! ब्रिटन-रशिया युद्ध जेमतेम टळलं. तीनच वर्षांत, १९०७ ला, त्याच दोघांनी करार करून इराणात आपापले प्रभावपट्टे आखून घेतले. इराणला कोणी विचारलं नाही, हे ओघाने आलंच.