नव्या रूपातली जुनी लारा: परत खेळताना तुम्हाला काय सापडलं?

लारा ही नायिका असलेल्या 'टूम रेडर' या व्हिडिओ गेमचे पहिले तीन भाग १४ फेब्रुवारी २०२४ ला नव्या रूपात एकत्र आले. मूळ गेम १९९६, १९९७ आणि १९९८ सालचे, इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइनने केलेले. नवं काम अ‍ॅस्पायर या कंपनीचं आहे. ते आल्यापासून माझ्या डोक्यात हा धागा घोळत होता.

पहिल्या गुहेत पाय ठेवला आणि पुढे काय करायचं हे मला आठवेना, पण बोटांना सगळं येत होतं. कड्याच्या काठावर उभं राहायचं, मागे एक उडी मारायची, पुढे धाव घ्यायची आणि धावतानाच ऑल्ट दाबून ठेवायचं. शेवटच्या पावलावर लारा स्वतःहून झेपावते. मग हवेतच कंट्रोलचं बटण धरून ठेवलं की समोरची कड तिच्या हाताला लागते. इतक्या वर्षांनी पहिल्याच खेपेला जमलं! याचं कारण साधं आहे. ते सगळं जग सारख्या मापाच्या चौकोनांचं आहे आणि नव्या आवृत्तीने ते माप जराही हलवलेलं नाही. वरचं चित्र बदललंय, आतला खेळ तोच आहे. आणि एफ-१ दाबलं की त्याच क्षणी, लारा हवेत असली तरी, जुनं चित्र परत येतं.

मला त्या बटणाबद्दलच ऐकायचंय. ते दाबल्यावर तुमच्या आठवणीतला गेम दिसला की वेगळाच काहीतरी? मला तर वेगळाच दिसला. माझ्या आठवणीतल्या भिंतींवर कोरीवकाम होतं, पडद्यावर नुसते तपकिरी ठिपके निघाले. सविस्तर लिहा, घाई नाही. तुमची प्रत्येकाची उत्तरं खाली एकामागून एक.

* * *

माझी आठवण अर्थातच पहिल्या भागातल्या लॉस्ट व्हॅली या टप्प्याची. जुन्या चित्रात ठरावीक अंतरापुढे सगळं काळं होत जायचं, कारण तेव्हाच्या यंत्रांना त्यापलीकडचं दाखवणं झेपत नव्हतं. त्या काळोखातून आधी पावलांचे हादरे आले आणि मग टी-रेक्स डायनोसॉरचं डोकं. नव्या चित्रात दरी सुंदर आहे, हिरवीगार आहे. पण मी खडकाच्या खोबणीत शिरून एफ-१ दाबलं, काळोख परत आला आणि अंगावर तोच काटा आला. त्याला मी जुन्या चित्रातच मारलं. धबधबा वळवायला लागणारी तीन दातेरी चाकं मात्र नव्या चित्रात निवांत शोधली.

* * *

आमच्या घरी ताई खेळायची आणि मी वही धरायचे. पहिल्या भागातली, सेंट फ्रान्सिस फॉलीची ती खोल विहीर आठवते ना? तिच्यात चार दारं: नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमॉक्लिस, थॉर. कुठल्या कठड्यावरून कुठे उडी मारायची याचा नकाशा मी पेन्सिलीने काढला होता. विहीर खाली खाली जाते म्हणून पानं खालून चिकटवत गेले, आणि शेवटी चार पानांची पट्टी झाली. ती पट्टी आता नाही.

ताई हल्ली लांब असते. या वेळी मी माझा पडदा तिला दाखवत खेळले. पहिल्यांदाच कंट्रोल माझ्या हातात होते. डॅमॉक्लिसच्या खोलीत, छताला टांगलेल्या तलवारींखाली, मी थांबले तर ती तिकडून म्हणाली, "शिफ्ट धर, चालत जा, पळू नकोस." अगदी तोच आवाज, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा. चारही किल्ल्या मिळेपर्यंत आम्ही दोघी उठलो नाही.

* * *

एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. नव्या चित्रात काही खोल्या फार अंधाऱ्या झाल्या. प्रकाश खरा वाटावा म्हणून मशाल असेल तिथेच उजेड आणि बाकी काळोख. दिसायला छान, पण जमिनीवर पडलेली किल्ली दिसतच नाही. नवा गेम आला तेव्हाच्या पहिल्या आवृत्तीत तर मी दर दोन खोल्यांनंतर एफ-१ दाबून जुन्या चित्रात शोधाशोध करत होतो. जुन्या चित्रात अशा खोल्यांत बराच सपाट उजेड असायचा. खेळणाऱ्याला वाट दिसावी म्हणून तो तसा होता, हे नव्या चित्रकारांनी आणखी ध्यानात घ्यायला हवं होतं.

* * *

वरच्या तक्रारीशी सहमत, तरी त्या चित्रकारांची बाजू मांडतो. माझं रोजचं काम त्रिमितीय मॉडेल बनवण्याचं आहे. मूळ पहिल्या भागात औषधाची पेटी, काडतुसं, किल्ल्या या खऱ्या त्रिमितीय वस्तू नव्हत्याच. ती सपाट चित्रं होती, कायम तुमच्याकडे तोंड करून उभी राहणारी. आता त्यांच्याभोवती फिरता येतं. भिंतींचं तर विचारूच नका. मूळ भिंतीवर तीन पट्टे आणि एक पिवळसर डाग असतो. तो डाग म्हणजे मशालीची काजळी, शेवाळ की झिजलेला चेहरा, हे कुणीतरी बसून ठरवलंय, आणि तेही जुनी चौकट न मोडता. सिटी ऑफ खामूनच्या टप्प्यात मी एकाच भिंतीसमोर उभा राहून वीसेक वेळा जुनं-नवं केलं. नवं चित्र मूळ डागाच्या रेषेबाहेर कुठेच गेलेलं नाही. इतका आदर राखून केलेलं काम क्वचित पाहायला मिळतं.

* * *

मी मूळ गेम कधीच खेळले नव्हते. सुरुवात नव्या पद्धतीच्या कंट्रोलवर केली, म्हणजे जॉयस्टिकची काठी जिकडे ढकलाल तिकडे लारा जाते. विल्काबांबा या टप्प्याच्या पुढे सरकता येईना. ती सारखी तिरकी उडायची आणि खाली पडायची. मग भावाच्या सांगण्यावरून जुन्या टँक कंट्रोलवर गेले: डावं-उजवं फक्त वळायला, पुढे-मागे फक्त चालायला. दोन संध्याकाळी खूप जड गेलं. तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की या गेममध्ये उडी मारण्याआधी ती मोजावी लागते. उभ्या उडीत किती, धावत्या उडीत किती, कड पकडली तर आणखी किती. ते कळल्यावर हात थरथरायचे थांबले.

* * *

दुसऱ्या भागातला लाराच्या घरचा म्हातारा बटलर. ट्रेवरचे कप खुळखुळवत मागे मागे यायचा. लहानपणी सगळ्यांनीच त्याला शीतगृहात कोंडलं असेल, मीही कोंडलंय. या वेळी त्याला नव्या चित्रात जवळून पाहिलं. मग त्याला सोबत घेऊन बागेपर्यंत हळूहळू चालत गेलो, आणि कोंडलं नाही.

* * *

एक वेगळा मुद्दा. गेम सुरू होताना एक सूचना येते: या खेळांमध्ये काही लोकांचं आणि संस्कृतींचं पूर्वग्रहातून केलेलं चित्रण आहे, आणि ते न काढता मूळ रूपात ठेवलं आहे. मला हा निर्णय पटला. तिसऱ्या भागात दक्षिण प्रशांत बेटांवर पोचल्यावर ती सूचना आठवली. शाळेत असताना तिथल्या टोळीवाल्यांवर गोळ्या झाडताना मनात काहीच आलं नव्हतं. आता तिथे माझा हात थांबतो. पुसून टाकलं असतं तर तो थांबला नसता.

* * *

सगळे चित्राबद्दल लिहीत आहेत, मी शांततेबद्दल लिहिते. नेथन मॅक्रीचं संगीत सगळ्यांना आठवतं, पण पहिल्या भागात ते फार थोड्या वेळा वाजतं. बाकी वेळ बुटांचा आवाज आणि कुठेतरी वाहणारं पाणी. त्यामुळे गुप्त जागा सापडल्यावरचे ते दोन-तीन सूर ऐकले की एकटं असूनही कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. हेडफोन लावून खेळा, एवढंच सांगेन.

* * *

मी पहिला भाग प्लेस्टेशनवर खेळलो होतो. तिथे हवं तेव्हा सेव्ह करता येत नसे. निळा स्फटिक सापडला तरच, आणि तोही एकदाच वापरता यायचा. स्फटिकाजवळ पोचलं की दोघं मित्र वाद घालायचो, आत्ता वापरायचा की पुढचा सापळा पार करून परत यायचं. पॅलेस मिडासच्या टप्प्यात आम्ही तो राखून ठेवला, लारा त्या मोडक्या पुतळ्याच्या हातावर चढली आणि आमच्या डोळ्यांसमोर सोन्याची झाली. अर्ध्या दिवसाचा खेळ गेला. नतलाच्या खाणीपाशी तर आम्ही कायमचेच अडकलो.

नव्या आवृत्तीत कुठेही सेव्ह होतं. खाण ओलांडली, अटलांटिस झालं, आणि गेल्या शनिवारी ग्रेट पिरॅमिड संपवला. शेवटची नावं वर सरकत असताना पडद्याचा फोटो काढून त्या मित्राला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं: "खाणीत ती वाट कुठे होती?"