मालवणच्या प्रवाळांभोवतीचे पाणी उपग्रहातून तपासता येईल का?

प्रश्न: मालवण सागरी अभयारण्यातील पाणी पावसाळ्यानंतर किती काळ गढूळ राहते, हे ओशनसॅट-३ या इस्रोच्या समुद्र-निरीक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवता येईल का?

उत्तर १: अंशतः येईल. त्या उपग्रहाच्या संवेदकात १३ वर्णपट्टे (प्रकाशाचे वेगवेगळे रंग टिपणारे पट्टे) असले, तरी एक चित्रबिंदू सुमारे ३६० मीटरचा असल्याने किनाऱ्यालगत जमीन, उथळ तळ आणि पाणी यांचा प्रकाश मिसळतो. तेथे पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींच्या हरितद्रव्याचा आकडा विश्वासार्ह नसतो. गढूळपणासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर चित्रबिंदूची चित्रे अधिक उपयोगी आहेत.

उत्तर २: सहमत. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळ-रांगेजवळ बर्डेकिन नदीच्या पुराचे लोट रंगावरूनच ओळखतात. मात्र आपल्याकडे ऐन पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून सेक्की तबकडीने (ही पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते ते पाहतात) पाण्याची पारदर्शकता मोजणे आवश्यकच आहे. त्यात स्थानिक मच्छीमारांना सामील करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.