नॅन पकडायचा तर अट उलटी लिहा
बीडच्या महसूल मंडळनिहाय पावसाच्या फाइलमध्ये नॅन (NaN, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण) शोधायला तुम्ही 'पाऊस == नॅन' अशी अट लिहिलीय, म्हणून एकही सापडत नाही. संगणकातल्या दशांश आकड्यांच्या आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार नॅन स्वतःशीसुद्धा बरोबर नसतो. कुणीतरी सुचवलेली 'क्ष != क्ष' (क्ष स्वतःशी बरोबर नाही) ही युक्ती त्यामुळेच चालते. पण सी भाषेत जीसीसी या कंपायलरला फास्ट-मॅथ हा गणित वेगवान करणारा पर्याय दिला असेल, तर नॅन येणारच नाही असं धरून कंपायलर ती तपासणीच उडवू शकतो. तिथं आयएसनॅन या नॅन तपासणाऱ्या फंक्शनचाही भरवसा नाही.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पर्जन्यमापक बंद पडलेल्या मंडळाचा आकडा नॅन आला, की 'पाऊस > ६५' खोटं ठरतं आणि ते मंडळ गुपचूप 'अतिवृष्टी नाही' मध्ये जाऊन बसतं. ना एरर, ना इशारा. शिरूर कासारचा शेतकरी मग घालतो तलाठ्याकडे हेलपाटे! म्हणून आधी अट अशी: आकडा शून्य ते हजारच्या आत असेल तरच घ्या, नाहीतर बाजूला काढा. नॅन, अनंत, उणे आकडे, सगळे तिथंच अडकतात.

पायथनमध्ये मॅथमधलं आयएसफायनाइट बरं, ते नॅन आणि अनंत दोन्ही अडवतं. आयएसनॅन अनंताला सोडून देतं, आणि अनंतातून अनंत वजा केला की पुन्हा नॅनच. जावास्क्रिप्टवाल्यांनी मात्र नंबर डॉट आयएसफायनाइटच घ्यावं. जुनं मोकळं आयएसनॅन 'निरंक' या मजकुरालाही नॅन म्हणतं, आणि रिकामा रकाना शून्य समजून खुशाल पुढं सोडतं.