छताचं पाणी बोअरमध्ये सोडावं का?

राजारामपुरीकर: अपार्टमेंटच्या आवारात पेव्हर बसवायचं चाललंय. पावसाचं पाणी आधीच गटारातनं कोल्हापूरच्या जयंती नाल्यात जातंय आणि उन्हाळ्यात बोअर गुळण्या टाकतोय. छताचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर चालतंय काय?

प्लंबरमामा: चालतंय की! १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर पाणी. पण थेट सोडू नका. आधी गाळणखड्डा करा: तळाला दगडगोटे, वर खडी, सगळ्यात वर वाळू. पहिला वळीव बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा, त्यात कबुतरांची घाण असते. वाळू दर उन्हाळ्यात धुवायची. ते कोण करत नाही, आन् मग योजनेला नावं ठेवतात.

नाल्याकाठचा: सखल भागात असाल तर बोअरचं तोंड उंच घ्या, झाकण घट्ट हवं. २०१९ चा पूर बघितलाय आम्ही. ते पाणी आत शिरलं की बोअर नासला.

राजारामपुरीकर: आम्ही उंचावर आहे. पेव्हरचं काय?

प्लंबरमामा: खाली काँक्रीट नको, पाणी जमिनीत मुरायला पायजे. खडी आणि कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, यावर बसवा, सांधे सिमेंटनं भरू नका. ठेकेदार कुरकुरणार, काँक्रीटचं बिल मोठं होतंय ना!