शब्दचर्चा: ‘जनुकबाह्य’ की ‘अधिजनुकीय’?

प्रश्न
नमस्कार. इंदुरातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर परवा मी झाडांच्या आनुवंशिकतेवर बोलले. जनुकातली अक्षरं जराही न बदलता एखादा गुण पुढच्या पिढीत जातो, त्याला मी ‘जनुकबाह्य वारसा’ म्हटलं. एका आजींनी लगेच विचारलं, “बाहेर म्हणजे कुठे गं?” मला धड सांगता येईना. शब्दच चुकला का?

उत्तर
ताई, आजींनी नेमकं बोट ठेवलं. ‘बाह्य’ म्हटलं की जागा डोळ्यांपुढे येते, आणि हा बदल तर जनुकाला चिकटूनच असतो. लिनारिया नावाचं युरोपातलं रानझाड बघा. त्याच्या पिवळ्या फुलाला खाली एकच टोकदार शेपटी असते. स्वीडनमध्ये पाच शेपट्यांचं, चहूबाजूंनी सारखं फूल सापडलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७४४ साली त्याला ‘पेलोरिया’ म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ राक्षस. उलगडा झाला १९९९ साली. फुलाला आकार देणारं जनुक शाबूत होतं, पण त्यावर मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चढल्यानं ते गप्प झालं होतं. ही खूण बियांतूनही पुढे जाते. एखाद्या फांदीवर ती उतरली, की तिथे पुन्हा एकशेपटी फुलं येतात!

म्हणून इंग्रजी ‘एपिजेनेटिक’ला ‘अधिजनुकीय’. ‘एपि’ म्हणजे वर. मूळ वीजबिलावर ‘अधिभार’ चढतो, तसाच हा ‘अधि’. काही जण ‘अपि’ सुचवतात. ते ग्रीक ‘एपि’चं सख्खं भावंड खरं, पण मराठीत ते ‘तथापि’, ‘कदापि’पुरतं उरलंय. त्यातून ‘वर’ हा अर्थ कुणाला लागणार?

‘बाह्य’ शोभतं ते गुलबक्षीला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेन्सनं १९०९ साली दाखवलं, की चितकबऱ्या गुलबक्षीच्या हिरव्या फांदीवरच्या बीतून हिरवी रोपं येतात, पांढऱ्या फांदीवरच्या बीतून पांढरी. पराग कुठलाही असो. कारण पानांना हिरवेपणा देणारे हरितलवक आईकडून येतात. तिथे जनुकंच आहेत, फक्त पेशीच्या केंद्रकाच्या बाहेरची. त्याला ‘केंद्रकबाह्य’ म्हणावं.

प्रश्नकर्ती
आजी म्हणतात, “मग हे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असंच की!” बी-बियाण्याच्या दुकानातला ‘वाण’ घेतला तर किती चपखल बसतं!

उत्तर
म्हणीतला ‘वाण’ म्हणजे रंग, ‘वर्ण’वरून आलेला. तरी आजींचा अर्थ मला फार आवडला. फक्त क्रियापद सांभाळा. संगतीनं गुण ‘लागतो’, आईबापांकडून ‘उतरतो’. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं रोप थंडी सोसतं, तेव्हा फुलोरा रोखणारं जनुक बंद होतं आणि वसंतात रोप फुलतं. हीसुद्धा अधिजनुकीय खूण. पण बी धरताना ती पुसली जाते. नव्या रोपाला थंडी पुन्हा सोसावी लागते. म्हणजे गुण लागला, उतरला नाही. लिनारियाचा मात्र उतरला. तेव्हा बीतून उतरलेल्यालाच ‘अधिजनुकीय वारसा’ म्हणा. एरवी ‘अधिजनुकीय बदल’ पुरे.